लाटणं कानाला लावून

नाना, आज सकाळी तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

सुहासने जतहून व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे अकरा वाजले होते, इथे आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला, साडेसहा. तुमची नात इरा अजून उठली नव्हती. मी आंघोळ करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला आणि समोर बसले. सासऱ्याच्या दहाव्याला सून हजर नाही, याची मी सगळ्यांना दोन कारणं सांगितली होती. एक, इराची परीक्षा. दुसरं, माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या दोघींची याच आठवड्यात असलेली ड्रायव्हिंग टेस्ट. दोन्ही खरी आहेत, पण मी थांबले ती त्यांच्यासाठी नाही. मला तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर उभं राहायची भीती वाटली.

ओढ्याकाठच्या बाभळीवर तीन कावळे बसले होते. खाली उतरायचं नाव नाही. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. सुहास म्हणाला, "नाना, गॅरेजच्या जागेचं काहीतरी चांगलं करीन." कावळे ढिम्म. मग तुमचे धाकटे भाऊ, दिगंबरकाका पुढे झाले. "दादा, इराचं लगीन हितंच करू, काळजी करू नगंस." हे इराला कुणी विचारलेलं नव्हतं, आणि कावळ्यांनाही पटलं नाही. शेवटी काकांनी सुहासच्या हातातून फोन घेतला आणि पिंडाकडे वळवला. "अनघा, तू बोल गं. तुझा लई लळा हुता त्याला."

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. तिथे उभ्या असलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं, मला मात्र पक्कं ठाऊक होतं. पण मी म्हणाले, "नाना, इराला मी गाडी नीट शिकवीन." तीनपैकी एक कावळा उडून गेला. ऊन चढायला लागलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला निघाली.

म्हणजे तुम्ही गेल्यावरही मी तुमच्यापाशी खरं बोलले नाही. तुमच्या गॅरेजात एखादं गिऱ्हाईक पाल्हाळ लावायला लागलं की तुम्ही त्याला मध्येच तोडायचात, "आधी खोड सांग, मग गावगप्पा." तर खोड सांगते. तुमचा कान गेलेला नव्हता, नाना. तो गेला असं तुम्हाला माझ्यामुळे वाटलं, आणि तसंच वाटत तुम्ही गेलात.

चार वर्षांपूर्वी, सुहासची आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात. जतमधलं गॅरेज तीन महिने बंद ठेवून. पहिले आठ दिवस तुम्ही खिडकीशी बसून होतात. सुहास सकाळी औषधांच्या कारखान्यात जायचा, इरा शाळेत, मी शिकवण्या घ्यायला रस्त्यावर. घरी आले की तुम्ही तिथेच. मला वाटायचं, या माणसाला इथे आणून आपण चूक केली. नवव्या दिवशी पलीकडचे नोएल गवत कापत होते आणि तुम्ही एकदम उठून मागच्या दारात आलात. "त्या म्हाताऱ्याला सांग, पात्याचा नट ढिला हाय. आत्ता थांबीव म्हणावं, न्हाईतर पाय जाईल." मी भिंतीवरून ओशाळत सांगितलं. नोएलनी मशीन बंद करून उलटी केली, हात घातला आणि तो नट बोटांनीच फिरवून दाखवला. "युअर मॅन हॅज सम इअर ऑन हिम," ते म्हणाले. मी तुम्हाला त्याचं मराठी करून सांगितलं, की ते म्हणताहेत काय कान आहे या माणसाला! तुम्ही लाजलात. आई गेल्यापासून तुमच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर आमच्या गल्लीतली लोकं तुमच्याकडे काय काय घेऊन यायला लागली! कुणाचा व्हॅक्यूम क्लीनर, कुणाचा ड्रायर, एकदा तर कुणाची व्हीलचेअर. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, पण तुम्ही हात वर करून गप्प बसायची खूण करायचात आणि सगळे निमूट गप्प बसायचे. इरा दारात उभी राहून म्हणायची, "नाना, दॅट्स मेंटल," म्हणजे भन्नाट. ती तुमच्याशी इंग्रजीतच बोलायची आणि तुम्ही तिच्याशी जतच्या बोलीत, आणि तुमचं दोघांचं कधी काही अडलं नाही.

आणि मग माझी गाडी. ती वाजत होती हे मला माहीत होतं. थंड असो की तापलेली, बॉनेटखालून टिकटिक यायची. केरळची एक नर्स माझ्याकडे शिकायला यायची, तिने सिग्नलला उभं असताना मला विचारलं, "मॅम, आत घड्याळ आहे का?" मी हसले, पण ते मला लागलं. मी इथे आले ती सुहासची बायको म्हणून. तीन वर्षं घरात बसले, मग एकेक परीक्षा देऊन ड्रायव्हिंग शिकवायचं लायसन्स मिळवलं. छपरावर माझ्या नावाची पिवळी पाटी असलेली ती गाडी हे माझं दुकान होतं, आणि दुकानाच्या दारातच टिकटिक.

तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात आलात, लाटणं उचललंत आणि बाहेर गेलात. मी ओरडत मागे. तुम्ही लाटण्याचं एक टोक इंजिनवर टेकवलंत, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. मग मला शिकवायला लागलात, जशी काही मी तुमच्या गॅरेजात नव्याने लागले होते. आधी डिपस्टिक काढून तेल बघायला लावलंत. तेल कमी असलं तरी वाजतं. मग सायलेन्सरच्या जोडापाशी हात फिरवायला लावलात. तिथून हवा फुसकत असली तर गाडी तापल्यावर आवाज बंद होतो, आपला होत नव्हता. मग मला आत बसवून जरा जरा रेस करायला लावलीत आणि टिकटिक मोजलीत. "इंजिन दोन फेरं घेतंय तवा व्हॉल्व्ह एकदा उघडतोय. म्हणून हा आवाज इंजिनाच्या निम्म्या चालीनं यायलाय. टॅपेट ढिली हाईत, व्हॉल्व्हच्या वरची फट लई झालीया. चल, उद्या सकाळी थंड असताना खोलू."

सुहासला तुम्ही आयुष्यात कधी पान्याला हात लावू दिला नव्हतात. त्याने शिकावं, मोठ्या कारखान्यात जावं, हात काळे होऊ नयेत म्हणून. मला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरापुढच्या ड्राइव्हवेत तुम्ही कोपरापर्यंत काळं केलंत. टॅपेट कव्हर काढलं, प्लग काढले, एकेक पिस्टन वर आणला. व्हॉल्व्हला दाबणारा रॉकर आधी बोटाने हलवून बघायचा, ढिला लागला तरच त्याची पाळी. मग लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा आणि रॉकर-व्हॉल्व्हच्या मधल्या फटीत फिलर गेजची पातळ पट्टी सरकवायची. पट्टी किती घट्ट लागली पाहिजे हे मला काही केल्या कळेना. तुम्ही आत जाऊन इराचे नवे पत्ते आणलेत, अख्खा कॅट हातात हलकाच दाबून धरलात आणि म्हणालात, "मधला एक वढ." मी ओढला. "आसं लागलं पायजे." तेवढंच. मला ते आजतागायत विसरता आलेलं नाही. आठवा व्हॉल्व्ह मी एकटीने लावला आणि तुम्ही म्हणालात, "हाताला बरं हाय तुझ्या." माहेरी, सासरी, कॉलेजात, कुणी मला हाताबद्दल काही चांगलं म्हटलेलं आठवत नाही. पोळ्यांबद्दल तर नाहीच.

कव्हर लावून गाडी चालू केली. ती वाजत होती! पहिल्यापेक्षा कमी, एकसारखी, शिवणाच्या मशीनसारखी, पण वाजत होती. मी म्हणाले, नाना, हे काय? तुम्ही खूश. "आता बराबर हाय."

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचे, आवाज म्हणजे बिघाड. तुम्ही म्हणायचात, "वाजतंय तवर बरं हाय. गप बसलं की समज, जळायला लागलं." व्हॉल्व्ह आपल्या जागेत हळूहळू झिजत वर सरकतो, फट आपोआप कमी होत जाते, आणि फट संपली की तो पुरता मिटतच नाही. मग आतली आग त्याच्या कडेवरून जाते आणि त्याला खाते. म्हणून फट थोडी जास्त राहिली तर चालेल, कमी नको. हे तुम्ही मला जेवताना भाकरीच्या तुकड्यावर वाटी ठेवून समजावलंत. मला समजलंही. पण माझ्या विद्यार्थिनींना कुठे भाकरीवर वाटी ठेवून समजावत बसणार होते मी?

पुढच्या आठवड्यात मी खोटं सांगून गेले. म्हणाले, ट्रॅमोरला शिकवणी आहे. गेले गावाबाहेरच्या एका मेकॅनिककडे. तो बिचारा सरळ माणूस. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "दे'आर ग्रँड, टू बी फेअर. हू सेट देम?" छान लावलेत की, कुणी लावले, असं त्याने विचारलं आणि नाना, मी म्हणाले, माहीत नाही. मला एकदम शांत गाडी हवी, असा मी हट्ट धरला. त्याने दोनदा समजावलं, मग खांदे उडवून घट्ट केले. याहून घट्ट मी करणार नाही, असंही बजावलं. परत येताना गाडी इतकी गप्प होती की मला टायरखालची खडी ऐकू येत होती. मी इतकी खूश होते की गाणं म्हणत आले.

रविवारी सकाळी तुम्ही लाटणं घेऊन बाहेर आलात.

तुम्ही ते इंजिनवर टेकवलंत. मग जागा बदललीत. मग दुसरा कान लावलात. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते. तुम्ही लाटणं बाजूला ठेवून नुसतेच वाकलात, मग परत लाटणं. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "पोरी, तुला ऐकू यायलंय का गं? टिकटिक?"

मी "नाही" म्हणाले असते तर तुम्ही त्याच क्षणी पाना आणून कव्हर खोललं असतंत आणि कुणीतरी हात लावलाय हे तुम्हाला दिसलं असतं. सुनेने तुम्ही केलेलं काम दुसऱ्याकडून बदलून घेतलं, हे तुम्हाला कळू नये, तुमचा अपमान होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खरंच एवढंच होतं. मी म्हणाले, "येतंय की, नाना. पहिल्यासारखंच."

चहा घेतलात. लाटणं धुतलंत, पुसलंत आणि इरा ज्याला प्रेस म्हणते त्या वरच्या कपाटात ठेवून दिलंत. परत कधी काढलं नाहीत.

मला वाटलं, दोन दिवसांनी विसरतील. पुढच्या शनिवारी नोएल त्यांची झुडपं कापायची मशीन घेऊन आले आणि तुम्ही कानाला हात लावून, मान हलवून त्यांना परत पाठवलंत. मला म्हणालात, "त्यांना सांग, बारीक आवाज गेला माझा. बाकी समदं ऐकू येतंय, बारीक तेवढं गेलं." तुमची तुम्हीच त्याची फोडही करून टाकली होतीत. तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू यायची, वरच्या मजल्यावरचा इराचा फोन ऐकू यायचा, माझं पुटपुटणं तर हमखास ऐकू यायचं. ज्या एका आवाजावर तुम्ही उभे होतात तोच ऐकू येत नाही, अशी तुमची खात्री झाली होती. जतला परत गेल्यावर सहा महिन्यांत तुम्ही गॅरेजचं शटर खाली ओढलंत. आजूबाजूच्या गावांतून लोक फक्त ऐकवायला म्हणून गाड्या घेऊन यायचे तुमच्याकडे. सुहास मला म्हणाला, "वय झालं त्यांचं, बरं झालं स्वतःहून थांबले." मी म्हणाले, "हो ना."

सांगायची संधी मिळाली नाही असं म्हणायचीही सोय नाही मला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही परत आलात तेव्हा सुहासने तुमची कानाची तपासणी ठरवली आणि दुभाषी म्हणून मीच शेजारी बसले. त्या मुलीने आलेख दाखवला, म्हणाली, या वयाला इतकं चांगलं ऐकू येणारी माणसं कमी, वरच्या पट्टीत थोडंसं कमी आहे, एवढंच. मी तुम्हाला शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तुम्ही म्हणालात, "तिला म्हणावं, टिकटिक ऐकू येत न्हाई. लोखंडाची." मी तेही इंग्रजीत सांगितलं. दोघांच्या मध्ये मी होते आणि मला तेवढं एकच वाक्य माझं स्वतःचं बोलायचं होतं. सुहासने कानाचं यंत्र घेतलंच. तुम्ही ते आज्ञाधारकपणे घालायचात, त्याची शिट्टी वाजली की दचकायचात. एकदा ते घालून तुम्ही माझ्या गाडीपाशी गेलात, उभे राहिलात आणि आत आलात. मी खिडकीतून पाहत होते. मी भांडी घासत राहिले.

या हिवाळ्यापासून गाडी थंड असताना थरथरते. चालू केली की लंगडल्यासारखी करते, जरा तापली की सावरते. काय झालंय ते मला कळत होतं. तुम्ही शिकवलं होतंत. शेवटच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "गाडी काय म्हणतीया?" मी म्हणाले, "गप्प आहे." मग म्हणालात, "फोन जवळ धर म्हणलो असतो, पर मला काय आता कळणार." आणि इराची चौकशी केलीत. तीन दिवसांनी दुपारी झोपलात ते उठलाच नाहीत.

आज तो कॉल संपल्यावर मी ओढणी खुर्चीवर टाकली आणि बाहेर गेले. गाडी रात्रभर उभी होती, गार होती. इथेच राहिलेल्या तुमच्या फिलर गेजच्या पट्ट्यांना तुम्ही लावलेलं तेल अजून होतं. कव्हर काढायला वाकले. त्या मेकॅनिकने लावलेलं निळं गॅस्केट, कव्हरखालची ती सील, कडेने बाहेर डोकावत होतं. तुम्ही लावलेलं काळं होतं. बॉनेट उघडलं की ते वरूनच दिसतं, म्हणजे तुम्हाला दिसलं असेल का? सगळं ओळखून, मला लाज वाटू नये म्हणून तुम्ही बहिरेपण पांघरलं असेल का? पाच मिनिटं मला फार बरं वाटलं. मग वाटलं, अनघा, पुरे. जो माणूस शेजाऱ्याचा ढिला नट भिंतीपलीकडून ऐकून गप्प बसू शकला नाही तो चार वर्षं गप्प बसेल? त्या रविवारी तुमचं लक्ष इंजिनाकडे बघण्यात नव्हतंच, कानात होतं. ती सोयीची समजूत मी तुमच्या गळ्यात मारणार नाही.

कव्हर काढलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा गेली नाही. फट शून्य. स्क्रू मागे घेतला, पट्टी सरकवली, ओढली. कॅटमधून पत्ता ओढतात तशी. असे सगळे लावले, जरा ढिलेच. तुमच्या मापाने. मग कव्हर लावून प्रेसमधून लाटणं काढलं. गेली चार वर्षं मी दुसऱ्या लाटण्याने पोळ्या करते, हे तुम्हाला कळलं होतं का ते माहीत नाही.

गाडी चालू केली. थरथर थोडी आहे अजून. तो व्हॉल्व्ह जळलाय की वाचलाय ते कळायला दिवस जातील. पण ती वाजत होती, नाना. एकसारखी.

तेवढ्यात सुहासचा फोन आला, जेवणं उरकल्याचं सांगायला. म्हणाला, "कसला आवाज येतोय? गाडी बिघडली का?" मी म्हणाले, आत्ता दुरुस्त झाली. आणि तिथेच, इंजिन बंद न करता, त्याला सगळं सांगितलं. मेकॅनिक, रविवार, लाटणं, ती तपासणी. शेवटी तो एवढंच म्हणाला, "अनघा, मी आत्ता गॅरेजच्याच दारात उभा आहे गं," आणि फोन ठेवला. दुपार झाली, अजून त्याचा फोन नाही. तो काय म्हणेल ते मी ऐकून घेईन.

पण तुम्ही मला एक विचारलं होतंत आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं होतं. तुम्ही बॉनेटवर वाकला होतात, हातात लाटणं होतं, मी दारात चहा घेऊन उभी होते. तुम्ही विचारलंत, पोरी, तुला ऐकू यायलंय का गं?

नाही, नाना. मलाही ऐकू येत नव्हतं. तिथे आवाजच नव्हता.